करभार, कायदेमंडळ आणि मोगलाईतील स्थितिप्रियता

अहमदपूर हे बालाघाटच्या पठारावरील तालुक्याचे गाव. ते आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. परंतु त्याच्या वेशीवरील पाट्या मात्र वारंवार पालटल्या. हैदराबाद संस्थानात ते बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या नोव्हेंबरात त्या राज्याचे त्रिभाजन झाले, तेव्हा उदगीर व निलंगा या शेजाऱ्यांसह ते उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १९६० मध्ये त्या राज्यातून महाराष्ट्र निघाला, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा अहमदपूर लातुराकडे गेले. १९३० च्या सुमारास तेथे जन्मलेल्या आणि ऐंशी वर्षे जगलेल्या एखाद्या शेतकऱ्याची वाचकांनी कल्पना करावी. घराचा उंबरा न सोडता त्याने किती सरकारांच्या तिजोरीत पैसा भरला! आणि त्यातील पहिली वीस-बावीस वर्षे अशी होती की, कर बसविणारास त्याने, त्याच्या बापाने किंवा त्याच्या आजाने एकदाही मत दिलेले नव्हते.

कर कोणी बसवावा, किती बसवावा आणि त्याचा हिशेब कोणापुढे मांडावा, या प्रश्नांची जी स्थितिप्रिय उत्तरे आपल्या प्रांतात वेळोवेळी दिली गेली, ती या एका तालुक्याच्या आश्रयाने तपासून पाहावी असा आमचा विचार आहे. स्थितिप्रिय म्हणताच आपल्याकडे सोवळे-ओवळे आणि पंचांग डोळ्यांपुढे उभे राहते. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. राज्यकारभारात स्थितिप्रिय म्हणजे तो की, जो जुन्या कराला नव्यापेक्षा बरा समजतो, कारण जुना कर ठाऊक असतो, व्यवहाराने त्याच्याशी जमवून घेतलेले असते. जो सरकारने थोडे मागावे आणि थोडेच करावे असे म्हणतो. आणि घाईने केलेल्या कायद्याविषयी ज्याच्या मनात सदैव संशय असतो. हा विचार मूर्खपणाचा नव्हे. शेतकऱ्याचा तर तो स्वभावच आहे. कारण ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून, त्यास निदान मागणी तरी ठरलेली असावी असे वाटणारच.

या स्वभावास मोगलाईत पूर्वी फारसा वाव मिळाला नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या सहांत बीदरचा सुभाही होता. तेव्हापासून या मुलखात निजामाचा अंमलदार आणि पेशव्यांचा कमाविसदार असे दोघे एकाच खळ्याकडे पाहू लागले. वसुलाचा चौथा हिस्सा चौथाईचा, वर शेकडा दहा सरदेशमुखीचा. कागदावर हे भाग मूळ जमेतून जावयाचे. परंतु दुहेरी अंमलात कागद एक बोलतो आणि खळे दुसरे. १७६० मध्ये अहमदपुराच्या शेजारी उदगिरास निजामाचा मोड झाला आणि सुमारे साठ लक्षांचा मुलूख मराठ्यांकडे गेला. आपल्या बखरींनी त्या विजयाचे वर्णन मोठ्या उत्साहाने केले आहे, आणि ते योग्यच आहे. त्या साली उदगिराभोवतालच्या रयतेने सारा कोणास भरला असेल आणि किती वेळा, हा प्रश्न मात्र बखरकारास पडत नाही.

पुढे पेशवाई गेली आणि दुहेरी अंमलही गेला. परंतु त्याच्या जागी इजारा वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादचा दरबार कर्जात इतका बुडाला होता की, जिल्ह्यांचे वसूल सावकारांकडे, अरब व रोहिले सरदारांकडे आणि मक्तेदारांकडे गहाण पडत. तालुकदार या शब्दाचा त्या वेळचा अर्थ अधिकारी असा नव्हता. ज्याने वसूल मक्त्याने घेतला तो तालुकदार. त्याने दरबारास जे आगाऊ दिले ते आणि त्यावरील नफा अशी दोन्ही रयतेकडून काढावयाची, व मक्ता पुढल्या वर्षी आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, अशी त्याची स्थिती. अशा माणसाने बी-बियाण्याचाही विचार करू नये यात नवल ते काय?

ही घडी १८५३ पासून बदलली. त्या वर्षी वऱ्हाड कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षी मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. सालारजंगांना आम्ही हिंदी संस्थानांतील स्थितिप्रियांचे शिरोमणी समजतो. दरबारचा मोगली थाट त्यांनी जसाच्या तसा ठेवला, सरदारांच्या मानपानास हात लावला नाही. आणि त्या थाटाच्या पडद्याआड इजारा मोडून पगारी अधिकारी नेमले. १८६५ मध्ये जिलाबंदी होऊन जिल्हे व तालुके बांधले गेले. देशमुख-देशपांडे यांचा वसुलाचा अधिकार काढून घेतला. परंतु त्यांना रुसूम म्हणून रोख नेमणूक बांधून दिली, म्हणजे हक्क गेला तरी मान आणि पोट दोन्ही राहिली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतबंदी होऊन रयतवारीने ठरावीक मुदतीचा सारा बसला. गावचा वसूल माली पाटलाने करावा, बंदोबस्त पोलिस पाटलाने पाहावा आणि दप्तर पटवाऱ्याने लिहावे, ही व्यवस्था मराठवाड्यातील वृद्ध माणसांच्या बोलण्यात अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत असे.

यापुढे संस्थानी स्थितिप्रियांचा जो मुख्य युक्तिवाद तयार झाला, तो थोडक्यात असा : आमच्या राज्यात प्राप्तीवर कर नाही, सारा मुदतीपुरता कायम, त्यावर रुपयास एक आणा लोकलफंड, तो रस्ते, दवाखाने यांसाठी, नाणे आमचे, टपाल आमचे, राजा एक आणि कायमचा. ब्रिटिश हद्दीत १८८६ पासून प्राप्तीवरील कर कायमचा झाला आहे, तेथील लोक सभा भरवून आरडाओरड करीत आहेत. आमच्याकडे कर थोडे, म्हणून ओरडही थोडी, आणि म्हणून कायदेमंडळाची गरजही थोडी. अकबर हैदरी यांनी अर्थखात्यात असता प्रत्येक खात्यास तीन तीन वर्षांची रक्कम आगाऊ ठरवून देण्याची पद्धत घातली, शिल्लक राखली, दुष्काळासाठी गंगाजळी वेगळी काढली, आणि १९३० मध्ये संस्थानची रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. निवडून आलेल्या कित्येक सरकारांनी हेवा करावा असा हा जमाखर्च होता, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

परंतु या युक्तिवादातील मेख अशी की, जो कर दिसतो तो थोडा होता. जो दिसत नव्हता तो थोडा नव्हता. पहिली गोष्ट करोडगिरीची. जकात खात्याला संस्थानात हा शब्द होता. १८०२ मध्ये कंपनीशी झालेल्या व्यापारी तहात जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता, आणि त्या पाच टक्क्यांची छाया पुढे दीडशे वर्षे रेंगाळली. बार्शीची अरुंद रुळांची आगगाडी १९११ मध्ये लातुरापर्यंत आली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत; लातूर मोगलाईत. मधे सरहद्द आणि सरहद्दीवर नाका. कापड आले, पितळ आले, काड्यापेट्या आल्या, तर पाच टक्के देऊन आत. कापूस व गळिताची धान्ये निघाली तर जकात देऊन बाहेर. अहमदपूरच्या बाजारात बैलगाडीने आलेल्या लुगड्यावर हा कर लिहिलेला नसे. तो लुगड्याच्या किमतीत विणलेला असे. दुसरी गोष्ट आबकारीची. शिंदी, ताडी व मोहाची दारू यांच्या मक्त्यांचे उत्पन्न हे संस्थानच्या जमेतील एक मोठे कलम होते, आणि ते भरणारा बहुतेक निर्धन वर्ग होता. प्राप्तीवर कर नाही याचा अर्थ हैदराबादेतील जहागीरदाराच्या व सावकाराच्या प्राप्तीवर कर नाही. थोड्या कराचे राज्य हे वर्णन ज्या ओसरीवर बसून केले गेले, त्या ओसरीपुरते ते खरे होते.

आता सरहद्दीपलीकडे जे घडत होते त्याची एक हकीकत सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही, कारण तिचा धागा थेट अहमदपूरच्या चुलीपर्यंत येतो. १९०१ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात जमीन महसुलाच्या कायद्याची दुरुस्ती आली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले इत्यादी लोकपक्षीय सभासद निषेध म्हणून सभागृहातून उठून गेले. मते सरकारची अधिक होती. बिल मंजूर झाले. पुढल्याच वर्षी, १९०२ च्या मार्चात, गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. गोखल्यांची राजकीय प्रकृती नेमस्त, म्हणजे आम्ही वर सांगितलेल्या अर्थाने पुष्कळशी स्थितिप्रिय. त्यांनी सरकार उलथून टाकण्याची भाषा केली नाही. त्यांनी आकडे मांडले आणि विचारले की, दुष्काळाने रयत गांजलेली असता दर साली शिल्लक उरते ती कोणत्या न्यायाने? जरुरीपेक्षा अधिक कर घेतला जात आहे याचीच ती साक्ष नव्हे काय? त्या वेळी कौन्सिलास अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता. केवळ बोलण्याचा होता. तरीही १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनावर आला, १९०५ मध्ये दीडावर आणि १९०७ मध्ये एकावर. प्राप्तीवरील कराची सूटमर्यादाही पाचशेवरून हजारावर गेली. हे सर्व एकट्या गोखल्यांनी घडविले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या सभागृहात हिशेब मोठ्याने वाचला जातो, तेथे शिल्लक लपवून ठेवणे सरकारास अवघड जाते, एवढे तर खरे.

आणि मीठ निजामाच्या राज्यात कोठून येणार? त्या राज्यास समुद्र नव्हता. बाहेरून येणाऱ्या मिठाची किंमत ब्रिटिश करासकट ठरलेली असे. म्हणजे ज्या कौन्सिलात अहमदपूरचा एकही माणूस नव्हता, ज्या कौन्सिलाची सत्ता अहमदपुरावर चालतच नव्हती, तेथे कोकणातल्या एका मास्तरांनी केलेल्या भाषणाचा उपयोग अहमदपूरच्या भाकरीला झाला. आणि हैदराबादेत, जेथून अहमदपुरावर राज्य चालत होते, तेथे असे भाषण करण्यास जागाच नव्हती.

जागा मुळीच नव्हती असेही म्हणता येत नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत १८९३ च्या कानूनच्याने कायदेकौन्सिल स्थापन झाले, आणि १९०० च्या कायद्याने त्याची घडी बसली. सरकारी सभासदांचे बहुमत; बाहेरचे थोडे, त्यांत जहागीरदारांचे व वकिलांचे प्रतिनिधी. अंदाजपत्रक मंजूर अथवा नामंजूर करण्याचा अधिकार त्यास नव्हता. शेतसारा भरणाऱ्या कुणब्यास तेथे प्रतिनिधी नव्हता. १९१९ मध्ये सातव्या निजामांनी बाबे-हुकूमत म्हणून कार्यकारी मंडळ नेमले. परंतु ते राजाला जबाबदार होते, कौन्सिलाला नव्हे.

खरा वाद उपस्थित झाला तो १९३७ मध्ये. त्या वर्षी दिवाणबहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या सभासदांत काशीनाथराव वैद्य होते. समितीच्या अहवालावरून १९३९ च्या जुलैत सुधारणांची योजना जाहीर झाली. आमच्या मते मराठी मुलखास लागू झालेला हा स्थितिप्रिय राज्यशास्त्राचा सर्वांत सुसंगत मसुदा होय, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे पहिले तत्त्व असे की, राजा हाच प्रजेचा साक्षात प्रतिनिधी. निवडून आलेली माणसे येतात आणि जातात, राजाचा संबंध टिकाऊ असतो. दुसरे असे की, प्रतिनिधी हा गावाचा किंवा तालुक्याचा नसावा, हितसंबंधाचा असावा. जहागीरदारांचा निराळा, शेतकऱ्यांचा निराळा, मजुरांचा, व्यापाऱ्यांचा, पेढीवाल्यांचा, वकिलांचा, वैद्यांचा, पदवीधरांचा असा एकेक. मुलखावर मतदारसंघ पाडले की माणसे धर्मावर आणि जातीवर मते देतात; धंद्यावर पाडले तर धंद्याचा विचार करतील, अशी त्यामागील आशा. युरोपातही त्या सुमारास धंदेवार प्रतिनिधित्वाची टूम निघाली होती. अंदाजपत्रकावर चर्चा होऊ शकेल. शेवटचा शब्द राजाचा.

यात तथ्य किती? कराच्या बाबतीत धंदेवार प्रतिनिधित्वाची एक बाजू खरोखर विचारात घेण्यासारखी आहे. कर हा धंद्यावर पडतो. पेढीवाल्याला प्राप्तीवरील कर कळतो, तसा इतरांस कळत नाही. करोडगिरीचे दुखणे व्यापारी जाणतो. पण येथेच योजनेचा पाया खचतो. आबकारीचा कर ज्याच्यावर पडत होता, त्याचा धंदा कोणता? लुगडे विकत घेणारी बाई कोणत्या हितसंबंधात मोडते? दिसणाऱ्या कराला हितसंबंध असतो. न दिसणारा कर सर्वांवर पडतो आणि म्हणून धंदेवार सभेत त्याचे नाव घेणारा कोणीच उरत नाही. गावावर मतदारसंघ पाडला तर निदान गावच्या बाजारात जे महाग झाले त्याची दाद मागता येते. समितीतील विद्वानांना हे सुचले नसेल असे आम्हास वाटत नाही. सुचूनही ते बाजूला ठेवण्याजोगे वाटले असावे.

युद्ध सुरू झाले आणि योजना बासनात गेली. ती १९४६ मध्ये बाहेर काढली तोपर्यंत काळ इतका पुढे गेला होता की, स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकांवर बहिष्कार घातला. दरम्यान थोड्या कराच्या राज्याने एक नवीन कर शोधून काढला होता, आणि त्यास कर हे नावही दिले नव्हते. तो म्हणजे लेव्ही. युद्धकालीन टंचाईत प्रत्येक शेतकऱ्याने जमिनीच्या मानाने ठरावीक धान्य सरकारास बाजाराहून कमी भावाने घातलेच पाहिजे असा हुकूम निघाला. बाजारभाव आणि सरकारी भाव यांतील अंतर हा शुद्ध करच होय, आणि तोही धान्यरूपाने, खळ्यावरून. रयतवारी मोजणीने जे ठरीव व माहितीचे केले होते, ते पुन्हा अनिश्चित झाले. घरात पेरणीपुरती ज्वारी उरेल की नाही हे गिरदावराच्या कागदावर ठरू लागले. स्थितिप्रियतेच्या दृष्टीने पाहिले तरी याहून मोठी क्रांती दुसरी नसेल. परंतु ती सभागृहाबाहेर झाली आणि राजाच्या नावाने झाली, एवढ्यावरून दरबारातील स्थितिप्रियांना ती क्रांती वाटली नाही.

लोकांना मात्र हिशेब चांगला समजला होता. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्याच्या कार्यक्रमाकडे करशास्त्राच्या दृष्टीने कोणी फारसे पाहिलेले नाही. लेव्ही देऊ नका. सारा देऊ नका. शिंदीची झाडे तोडा. सरहद्दीवरच्या शिबिरांतून करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करा. संस्थानच्या अंदाजपत्रकातील जमेची बाजू समोर ठेवून एकेका कलमावर काट मारावी तसा हा क्रम आहे. ज्या प्रजेस अंदाजपत्रकावर मत देता आले नव्हते, तिने ते कुऱ्हाडीने दिले. हा मार्ग चांगला होता असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही; तोडलेल्या प्रत्येक झाडामागे कोणाचे तरी पोट होते. दुसरा मार्ग मोकळा नव्हता, इतकेच.

१९४८ च्या सप्टेंबरात पाच दिवसांत सर्व आटोपले. यानंतरची साडेतीन वर्षे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत, आणि त्यांकडे आपल्या इतिहासकारांनी थोडी डोळेझाक केली आहे. प्रथम लष्करी गव्हर्नर, मग नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी, असा कारभार १९५२ च्या निवडणुकांपर्यंत चालला. या अवधीत निजामाची खाजगी मालमत्ता असलेली सर्फेखास दिवाणीत विलीन झाली (१९४९), जहागिरी नष्ट झाल्या (१९४९), कूळकायदा आला (१९५०), संस्थानचा प्राप्तीवरील कर, जो अखेरच्या दिवसांत फसली १३५७ मध्ये बसविला होता, त्याच्या जागी १९५० पासून सबंध देशाचा प्राप्तिकर आला, आणि त्याच वर्षी हैदराबादचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा झाला. म्हणजे करपद्धतीत जेवढे मोठे फेरफार व्हावयाचे होते तेवढे लोकांचे पहिले सभागृह भरण्यापूर्वीच होऊन गेले. स्वातंत्र्य मिळाले, पण करावर बोलण्याचा अधिकार त्यानंतर काही वर्षांनी पोहोचला.

एखादा स्थितिप्रिय यावर म्हणेल की, पाहा, तुम्हीदेखील तेच केले. या आक्षेपास उत्तर देणे प्राप्त आहे. जहागिरींचा प्रश्न थांबण्यासारखा नव्हता. राज्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर जहागीरदारांचा अंमल असता मतदान घेणे म्हणजे त्यांच्याच पाटलांच्या देखरेखीखाली घेणे झाले असते. विक्रीकर मात्र दोन वर्षे थांबला असता तर आकाश कोसळले नसते. तो कर नवा होता, न दिसणारा होता, आणि लुगड्यापासून घासलेटापर्यंत गरिबाच्या घरात शिरणारा होता. गंमत अशी की, हिंदुस्थानात सर्वसाधारण विक्रीकराचा पहिला कायदा मद्रासेत १९३९ मध्ये केला तो चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी, ज्यांनी पुढे १९५९ मध्ये सरकारी परवान्यांविरुद्ध व वाढत्या खर्चाविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला! दारूबंदीने बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी त्यांना तो कर हवा होता. परंतु त्यांनी तो सभागृहात मांडून, विरोध ऐकून घेऊन मंजूर करविला. हैदराबादेत तो वटहुकमाच्या सावलीत आला.

१९५२ मध्ये हैदराबादची विधानसभा भरली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले काशीनाथराव वैद्य. पंधरा वर्षांपूर्वी ज्या समितीने राजा हाच प्रजेचा प्रतिनिधी असे लिहिले, तिच्यात बसलेला गृहस्थ आता तालुक्यातालुक्यातून निवडून आलेल्या सभासदांना बोलण्याची परवानगी देत होता. या योगायोगावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. ते सभागृह अवघी चार वर्षे टिकले.

मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आल्यावर अहमदपूरच्या शेतकऱ्यास मत होते, आमदार होता, प्रश्नोत्तरांचा तास होता. तरी १९६४-६५ पासून ज्वारीची एकाधिकार खरेदी आली, आणि १९७२ पासून कापसाचीही. म्हणजे लेव्ही पुन्हा आलीच. फरक असा की, या वेळी तिच्यावर सभागृहात भांडता आले आणि ज्वारीची सक्ती पुढे मागे पडली; पण पडेपर्यंत काळ गेला. शरद जोशींनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना काढली, ती याच दुखण्यावर बोट ठेवून. भाव पाडून जे घेतले जाते ते करच आहे, त्यास उणे सबसिडी म्हणा, हे त्यांचे म्हणणे. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापला आणि राजाजींच्या पक्षाशी आपले नाते सांगितले. सभागृह असणे पुरेसे नाही, सरकारचे हातच आखूड असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. तो मराठवाड्यात ज्या आस्थेने ऐकला गेला त्याचे कारण लेव्हीच्या आठवणीत असावे असे आम्हास वाटते.

याच्या उलट उदाहरण १९७५ च्या व्यवसाय कराचे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना वाढीस लागली होती; तिच्यासाठी शहरातील पगारदार व धंदेवाल्यांवर हा कर बसला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालावी असे ठरले. शहराने खेड्यासाठी कर द्यावा हे सर्व पक्षांनी मान्य केले, ही आपल्या विधिमंडळाच्या इतिहासातील फार थोड्या अभिमानाच्या गोष्टींपैकी एक. बालाघाटावरच्या कितीतरी पाझर तलावांची माती या कराच्या पैशाने उचलली गेली आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर मजुरीचा बराच बोजा केंद्राकडे गेला, तरी व्यवसाय कर पगारातून कापला जातच राहिला. विशिष्ट कामासाठी म्हणून आलेला कर त्या कामाचे ओझे हलके झाले तरी परत जात नाही, या स्थितिप्रियांच्या जुन्या तक्रारीस आम्हास येथे उत्तर सापडले नाही.

शेवटी २०१७. राज्यांनी आपला करहक्क सोडण्याची सुरुवात १९५७ मध्येच झाली होती; साखर, तंबाखू व कापड यांवरील विक्रीकर सोडून त्यांनी केंद्राच्या जादा अबकारीतील वाटा पत्करला. १०१ व्या घटनादुरुस्तीने ते काम पुरे झाले. २०१७ च्या १ जुलैपासून विक्रीकराच्या, प्रवेशकराच्या आणि मुंबईच्या जकातीच्या जागी वस्तू व सेवा कर आला. नाक्यांवरील गाड्यांच्या रांगा संपल्या. करोडगिरीचा शेवटचा अवशेष गेला, याबद्दल सालारजंगांपासून रामानंद तीर्थांपर्यंत कोणीही शोक केला नसता. परंतु दर ठरविण्याचे काम परिषदेकडे गेले. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन तिसऱ्या हिश्श्याचे, उरलेले सर्व राज्यांत समान. निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे महाराष्ट्राचे मत सिक्कीमच्या मताइतके, आणि केंद्राच्या संमतीवाचून काहीच नाही. राज्यांस पाच वर्षे शेकडा चौदा वाढीची हमी होती, ती २०२२ च्या जूनमध्ये संपली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत असा निर्वाळा दिला. त्याचा उपयोग करून निराळा दर लावण्याच्या वाटेस महाराष्ट्राचे विधिमंडळ गेलेले नाही.

परिषदेतील चर्चा बंद दाराआड होते. तेथे राज्याचा अर्थमंत्री बसतो, अहमदपूरचा आमदार बसत नाही. राज्याचा अर्थसंकल्प दरवर्षी सभागृहापुढे येतो, त्यावर भाषणे होतात; परंतु जमेच्या बाजूचे सर्वांत मोठे कलम तेथे ठरत नाही. आमचा एक परिचित गृहस्थ गेल्या वर्षी अहमदपुरास गेला असता त्याने बाजारातून पाण्याची मोटर घेतली. दुकानदाराने दिलेली पावती त्याने आम्हास दाखविली. तळाशी दोन ओळी होत्या : केंद्राचा कर नऊ टक्के, राज्याचा कर नऊ टक्के. करोडगिरी लुगड्यात विणलेली असे. हा कर तरी छापलेला आहे. त्याने दुकानदारास विचारले की, दुसरी ओळ मुंबईस ठरते काय. दुकानदार म्हणाला, ठरते कोठे ते आपणास ठाऊक नाही, भरावयाची तारीख मात्र ठाऊक आहे.